गोविंद पानसरे हत्या खटला

गोविंद पानसरे हत्या खटला हा महाराष्ट्रातील कोल्हापूर येथील सत्र न्यायालयातील फौजदारी खटला आहे. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे नेते, वकील आणि लेखक गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोळीबार झाला आणि २० फेब्रुवारी २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. या गुन्ह्यात एकूण १२ जणांची नावे आरोपी म्हणून पुढे आली. त्यांपैकी १० जणांना वेगवेगळ्या वेळी अटक झाली, तर दोघांना फरार घोषित करण्यात आले. पहिली अटक सप्टेंबर २०१५ मध्ये झाली. मात्र आरोपनिश्चिती ९ जानेवारी २०२३ रोजी, म्हणजे पहिल्या अटकेनंतर सात वर्षांहून अधिक काळाने झाली. तोपर्यंत बहुतेक आरोपी कच्चे कैदी म्हणून कारागृहात होते. त्यामुळे हा खटला एका विचारवंताच्या हत्येचा तपास म्हणून जितका चर्चेत राहिला, तितकाच आरोपींच्या प्रदीर्घ पूर्वकोठडीमुळे आणि जलद न्यायाच्या हक्कासंबंधीच्या प्रश्नांमुळेही चर्चेत राहिला.

या लेखात उल्लेखिलेल्या आरोपींवरील आरोप हे सरकार पक्षाचे आरोप आहेत. आरोपनिश्चितीच्या वेळी आरोपींनी ते अमान्य केले आहेत.

== पार्श्वभूमी ==

गोविंद पानसरे यांचा जन्म २६ नोव्हेंबर १९३३ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील कोल्हार येथे झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापुरात आले आणि तेथेच स्थायिक झाले. कामगार क्षेत्रातील वकील म्हणून त्यांनी अनेक दशके काम केले. ते भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे राज्य सचिव होते. कोल्हापुरातील टोलविरोधी आंदोलनाच्या अग्रणी नेत्यांमध्ये त्यांची गणना होत असे.

'शिवाजी कोण होता?' ही त्यांची पुस्तिका १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. मूळ भाषणावर आधारलेल्या या पुस्तिकेच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि इतर भाषांतही तिची भाषांतरे झाली. शिवाजी महाराजांच्या राज्यकारभाराची रयतकेंद्री मांडणी हा तिचा विषय आहे. 'राजर्षी शाहू : वसा आणि वारसा' हेही त्यांचे पुस्तक आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही गुळाच्या व्यापाराची पेठ वसवली. शिक्षण, आरक्षण आणि जातिनिर्मूलन या क्षेत्रांतील त्यांच्या कार्यामुळे कोल्हापूरला सामाजिक सुधारणेचे शहर अशी ओळख मिळाली. पानसरे यांचे सार्वजनिक कार्य याच परंपरेशी जोडलेले होते. त्यामुळे त्यांच्या हत्येची शहरात तीव्र प्रतिक्रिया उमटली.

या घटनेपूर्वी १८ महिने, २० ऑगस्ट २०१३ रोजी, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या झाडून हत्या झाली होती. पानसरे यांच्यानंतर ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाड येथे कन्नड संशोधक एम. एम. कलबुर्गी यांची, तर ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळूरु येथे पत्रकार गौरी लंकेश यांची हत्या झाली. पुढे तपास यंत्रणांनी या चारही प्रकरणांत समान दुवे असल्याचे न्यायालयांत मांडले.

== घटना ==

१६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमा पानसरे फिरून घरी परतत होते. सागरमाळ परिसरातील घराजवळ ते पोहोचले असता मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी त्यांच्यावर गोळीबार केला. दोघेही गंभीर जखमी झाले. त्यांना कोल्हापुरातील खासगी रुग्णालयात दाखल करण्यात आले. उमा पानसरे या हल्ल्यातून बचावल्या. गोविंद पानसरे यांना २० फेब्रुवारी रोजी पुढील उपचारांसाठी हवाई रुग्णवाहिकेने मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात हलवण्यात आले. त्याच रात्री त्यांचे निधन झाले. २१ फेब्रुवारी रोजी कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

या घटनेचा गुन्हा राजारामपुरी पोलीस ठाण्यात नोंदवण्यात आला. प्रारंभी खुनाच्या प्रयत्नाचा असलेला हा गुन्हा पानसरे यांच्या निधनानंतर खुनाचा झाला.

== तपास ==

राज्य सरकारने तपासासाठी विशेष तपास पथक नेमले. अतिरिक्त पोलीस महासंचालक संजयकुमार यांच्याकडे काही काळ त्याचे नेतृत्व होते. पानसरे कुटुंबीयांनी तपासावर देखरेख ठेवावी, अशी मागणी करत मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. दाभोलकर प्रकरणातील याचिकेबरोबर या याचिकेवर वेळोवेळी सुनावणी होत राहिली. उच्च न्यायालयाने तपासाच्या संथ गतीबद्दल यंत्रणांना अनेकदा फटकारले.

बंदुकीच्या गोळ्यांचे न्यायवैद्यक परीक्षण हा तपासातील कळीचा मुद्दा ठरला. दाभोलकर, पानसरे आणि कलबुर्गी यांच्या हत्येत एकच शस्त्र वापरले गेले की वेगवेगळी, याचे उत्तर या परीक्षणावर अवलंबून होते. मुंबई आणि बंगळूरु येथील प्रयोगशाळांच्या निष्कर्षांत एकवाक्यता नसल्याने केंद्रीय अन्वेषण विभागाने लंडनच्या स्कॉटलंड यार्डचे मत मागवण्याचे ठरवले. या प्रतीक्षेत बराच काळ गेला. अखेर तो अहवाल मिळाला नाही आणि परीक्षणासाठी गुजरातमधील प्रयोगशाळेकडे वळावे लागले. या काळात सरकार पक्षाच्या विनंतीवरून कोल्हापूर येथील खटल्याच्या कामकाजाला उच्च न्यायालयाची स्थगिती होती.

तपासात अपेक्षित प्रगती होत नसल्याचे सांगत कुटुंबीयांनी तो दहशतवादविरोधी पथकाकडे सोपवण्याची मागणी केली. ३ ऑगस्ट २०२२ रोजी उच्च न्यायालयाने ती मान्य केली. २ जानेवारी २०२५ रोजी न्यायमूर्ती अजय गडकरी आणि न्यायमूर्ती कमल खाता यांच्या खंडपीठाने न्यायालयीन देखरेख थांबवली. फरार आरोपींचा शोध वगळता तपास पूर्ण झाला असल्याने देखरेखीची गरज उरलेली नाही, असे खंडपीठाने म्हटले. त्याचबरोबर खटल्याची सुनावणी दररोज घेऊन तो लवकर निकाली काढावा, असे निर्देश दिले.

== अटक आणि कोठडी ==

=== समीर गायकवाड ===

या प्रकरणातील पहिली अटक १६ सप्टेंबर २०१५ रोजी झाली. पथकाने सांगली येथून सनातन संस्थेचा साधक समीर गायकवाड याला ताब्यात घेतले. सनातन संस्थेने या हत्येशी आपला संबंध असल्याचा आरोप फेटाळला. गायकवाड याला कोल्हापूरच्या कळंबा मध्यवर्ती कारागृहात ठेवण्यात आले. त्याच्याविरुद्धचे आरोपपत्र डिसेंबर २०१५ मध्ये, अटकेनंतर ९० दिवसांच्या मुदतीच्या आत, दाखल झाले. तेव्हा लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६७ (२) नुसार खुनासारख्या गुन्ह्यात ९० दिवसांत आरोपपत्र दाखल न झाल्यास आरोपीला आपोआप जामिनाचा हक्क मिळत असे. आरोपपत्र वेळेत आल्याने हा मार्ग बंद झाला. परंतु आरोपपत्रानंतर खटला किती काळात सुरू व्हावा, यासाठी कायद्यात अशी कोणतीही बंधनकारक मुदत नव्हती.

गायकवाड याचे आधीचे जामीन अर्ज फेटाळले गेले. १७ जून २०१७ रोजी कोल्हापूर सत्र न्यायालयाने त्याला अटींसह जामीन मंजूर केला. तोपर्यंत २१ महिने तो कोठडीत होता आणि त्याच्यावर आरोपनिश्चितीही झालेली नव्हती.

=== वीरेंद्र तावडे ===

कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. वीरेंद्र तावडे यांना केंद्रीय अन्वेषण विभागाने १० जून २०१६ रोजी दाभोलकर प्रकरणात अटक केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विशेष तपास पथकाने पानसरे प्रकरणात त्यांचा ताबा घेतला. कटाची आखणी केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. जानेवारी २०१८ मध्ये कोल्हापूर सत्र न्यायालयाने त्यांना या प्रकरणात जामीन दिला. मात्र दाभोलकर प्रकरणातील कोठडीमुळे ते कारागृहाबाहेर आले नाहीत.

१० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दाभोलकर खटल्यात तावडे यांना पुराव्याअभावी दोषमुक्त केले. त्यानंतर काही आठवड्यांतच कोल्हापूर न्यायालयाने पानसरे प्रकरणातील त्यांचा जामीन रद्द केला आणि ते पुन्हा कोठडीत गेले. अशा रीतीने २०१६ पासून सुरू झालेला त्यांचा कारावास एका खटल्यातून दुसऱ्या खटल्यात चालू राहिला.

=== २०१८–१९ मधील अटका ===

ऑगस्ट २०१८ मध्ये महाराष्ट्र दहशतवादविरोधी पथकाने नालासोपारा येथे स्फोटकांचा साठा जप्त केला. त्याच सुमारास कर्नाटक पोलिसांच्या विशेष तपास पथकाने गौरी लंकेश प्रकरणात अटका केल्या. या दोन तपासांतून पानसरे प्रकरणात अमोल काळे, शरद कळसकर, सचिन अंदुरे, भरत कुरणे, वासुदेव सूर्यवंशी, अमित डेगवेकर, गणेश मिस्कीन आणि अमित बड्डी यांची नावे पुढे आली. २०१८ आणि २०१९ मध्ये टप्प्याटप्प्याने त्यांना या प्रकरणात वर्ग करून घेण्यात आले. विनय पवार आणि सारंग आकोलकर हे दोघे फरार घोषित आहेत.

यांपैकी बहुतेकांवर एकाहून अधिक खटले होते. काही जण बंगळूरुच्या, तर काही महाराष्ट्रातील कारागृहांत होते. सर्वांना एकाच वेळी कोल्हापूरच्या न्यायालयात हजर करणे यंत्रणेला वारंवार जमले नाही. करोना साथीच्या काळात न्यायालयांचे कामकाज मर्यादित झाल्याने त्यात आणखी भर पडली.

== वकीलपत्राचा वाद ==

गायकवाड याच्या अटकेनंतर कोल्हापूर जिल्हा बार असोसिएशनने त्याचे वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला. पानसरे हे स्वतः याच न्यायालयात वकिली करत असल्याने स्थानिक वकिलांच्या भावना तीव्र होत्या. परिणामी, बाहेरगावच्या वकिलांनी आरोपीची बाजू मांडली.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ (१) नुसार अटक झालेल्या प्रत्येक व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा हक्क आहे. वकील संघटनांचे अशा स्वरूपाचे ठराव राज्यघटनेशी आणि व्यावसायिक नीतीशी विसंगत असून ते निरर्थक ठरतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू राज्य या प्रकरणात दिला होता. आरोप कितीही गंभीर असला तरी बचावाचा हक्क अबाधित राहतो, हे या निर्णयाचे सूत्र आहे.

== आरोपनिश्चिती आणि सुनावणी ==

९ जानेवारी २०२३ रोजी कोल्हापूर येथील अतिरिक्त सत्र न्यायाधीश एस. एस. तांबे यांच्या न्यायालयात १० आरोपींवर आरोप निश्चित झाले. भारतीय दंड संहितेची कलमे ३०२ (खून), ३०७ (खुनाचा प्रयत्न) आणि १२० ब (गुन्हेगारी कट) तसेच शस्त्र अधिनियमातील तरतुदी यांचा त्यात समावेश होता. सर्व आरोपींनी आरोप अमान्य केल्यानंतर साक्षीपुराव्याचा टप्पा सुरू झाला. गोळीबारापासून आरोपनिश्चितीपर्यंत सात वर्षे दहा महिन्यांहून अधिक काळ लोटला होता.

या विलंबाची झळ दोन्ही बाजूंना बसली. साक्षीदारांना आठ वर्षांपूर्वीचे प्रसंग, चेहरे आणि वेळा आठवून सांगाव्या लागल्या. स्मृती पुसट होणे सरकार पक्षाला अडचणीचे असते. तर आपण त्या दिवशी अन्यत्र होतो हे सिद्ध करू पाहणाऱ्या आरोपीलाही इतक्या वर्षांनी त्याचे पुरावे मिळवणे अवघड जाते. पुरवणी आरोपपत्रांगणिक कटातील व्यक्तींच्या भूमिकांचे चित्र बदलत गेले, असा बचाव पक्षाचा युक्तिवाद राहिला. नव्या अटकांमधून कटाचे पूर्ण स्वरूप क्रमाने उलगडत गेले, अशी तपास यंत्रणांची भूमिका होती.

== जामीन ==

२९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अनिल किलोर यांनी सचिन अंदुरे, गणेश मिस्कीन, अमित डेगवेकर, अमित बड्डी, भरत कुरणे आणि वासुदेव सूर्यवंशी या सहा आरोपींना जामीन मंजूर केला. हे आरोपी २०१८–१९ पासून कोठडीत असून खटला नजीकच्या काळात संपण्याची शक्यता दिसत नाही, हा या आदेशाचा मुख्य आधार होता.

उर्वरित तिघांना, म्हणजे वीरेंद्र तावडे, शरद कळसकर आणि अमोल काळे यांना, ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचने जामीन दिला. हे बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले होते. या आदेशानंतर अटक झालेल्या सर्व १० आरोपींना या प्रकरणात जामीन मिळालेला होता.

जामीन म्हणजे दोषमुक्ती नव्हे. अंदुरे आणि कळसकर यांना १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दाभोलकर यांच्या खुनाबद्दल जन्मठेप सुनावली आहे. त्यामुळे पानसरे प्रकरणातील जामीन हा त्यांच्या बाबतीत तत्काळ सुटकेचा आदेश ठरत नव्हता.

== कायदेशीर महत्त्व ==

=== जलद खटल्याचा हक्क ===

राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये जलद खटल्याचा शब्दशः उल्लेख नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात हा हक्क जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग असल्याचे ठरवले. बिहारमधील कारागृहांत आरोपित गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांचा तो प्रश्न होता. १९९२ च्या अंतुले प्रकरणात घटनापीठाने या हक्काची मार्गदर्शक तत्त्वे सांगितली. पण खटला संपवण्याची सरसकट कालमर्यादा घालण्यास नकार दिला. २००२ मध्ये पी. रामचंद्र राव प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने तीच भूमिका कायम ठेवली.

=== खुनाच्या आरोपींची विशेष स्थिती ===

२००६ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३६ अ नुसार, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडण्याची तरतूद होती. मात्र ज्या गुन्ह्यांना मृत्युदंडाची शिक्षा होऊ शकते, ते तिच्या कक्षेबाहेर होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्येही अशा गुन्ह्यांना, तसेच जन्मठेपेच्या गुन्ह्यांना, वगळण्यात आले आहे. याचा अर्थ असा की खुनाचा आरोपी कितीही वर्षे खटल्याविना राहिला तरी या तरतुदीचा आधार त्याला मिळत नाही. त्याला न्यायालयाच्या विवेकाधिकारावर आणि थेट अनुच्छेद २१ वर विसंबावे लागते. २०२१ च्या के. ए. नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखालील कठोर अटी असतानाही, खटला वाजवी काळात संपण्याची शक्यता नसल्यास घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात, असे स्पष्ट केले.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या कारागृह अहवालानुसार देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे सुमारे ७५.८ टक्के, कच्चे कैदी होते. पानसरे खटल्यातील आरोपींची कोठडी त्या अर्थाने अपवादात्मक नव्हती. तिची दखल मात्र अपवादात्मक प्रमाणात घेतली गेली.

=== पीडितांचा पक्ष ===

विलंबाचा फटका केवळ आरोपींनाच बसत नाही. पानसरे कुटुंबीयांनी सूत्रधारांपर्यंत पोहोचण्यासाठी न्यायालयीन देखरेखीचा आग्रह धरला आणि आरोपींच्या जामिनाला विरोध केला. जलद न्याय हा पीडितांच्या कुटुंबीयांच्याही हिताचा विषय आहे. या खटल्यात तपास अधिक खोलवर जावा ही एक मागणी आणि खटला लवकर चालावा ही दुसरी मागणी अनेकदा परस्परांच्या आड आली. न्यायवैद्यक अहवालाच्या प्रतीक्षेत खटल्याला मिळालेली स्थगिती हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

== कोल्हापुरातील अन्य प्रकरण ==

न्यायप्रक्रियेतील विलंबाचा आणखी एक दाखला कोल्हापूर सत्र न्यायालयातीलच आहे. बालकांचे अपहरण आणि खून यांच्या आरोपावरून १९९६ मध्ये अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांना अटक झाली. अंजनाबाईचा निकालापूर्वीच कोठडीत मृत्यू झाला. दोघी बहिणींना २००१ मध्ये मृत्युदंड सुनावण्यात आला आणि ३१ ऑगस्ट २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. दयेच्या अर्जांवरील दीर्घ विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२२ रोजी त्यांची शिक्षा जन्मठेपेत बदलली. त्या प्रकरणात विलंब शिक्षेनंतरचा होता, तर पानसरे प्रकरणात तो खटल्यापूर्वीचा आहे. दोन्हींत न्यायालयाला विलंबाचे परिणाम अनुच्छेद २१ च्या कसोटीवर तपासावे लागले.

== सामाजिक पडसाद ==

हत्येनंतर राज्यभर निषेध मोर्चे निघाले. फिरून परतताना हल्ला झाल्याच्या निषेधार्थ कोल्हापुरात कार्यकर्त्यांनी 'निर्भय मॉर्निंग वॉक' सुरू केला. त्यात ठरावीक दिवशी सकाळी नागरिक एकत्र चालतात आणि तपासाच्या व खटल्याच्या स्थितीबद्दल जाब विचारतात. 'शिवाजी कोण होता?' या पुस्तिकेची मागणीही हत्येनंतर मोठ्या प्रमाणात वाढली.

== घटनाक्रम ==

* १६ फेब्रुवारी २०१५ – सागरमाळ येथे गोळीबार
* २० फेब्रुवारी २०१५ – गोविंद पानसरे यांचे मुंबईत निधन
* १६ सप्टेंबर २०१५ – समीर गायकवाड याला अटक
* डिसेंबर २०१५ – पहिले आरोपपत्र
* सप्टेंबर २०१६ – वीरेंद्र तावडे यांचा ताबा
* १७ जून २०१७ – गायकवाड याला जामीन
* २०१८–१९ – आणखी आठ आरोपींना अटक
* ३ ऑगस्ट २०२२ – तपास दहशतवादविरोधी पथकाकडे
* ९ जानेवारी २०२३ – आरोपनिश्चिती
* २ जानेवारी २०२५ – उच्च न्यायालयाची देखरेख समाप्त
* २९ जानेवारी २०२५ – सहा आरोपींना जामीन
* ऑक्टोबर २०२५ – उर्वरित तीन आरोपींना जामीन

== हेही पहा ==

* गोविंद पानसरे
* नरेंद्र दाभोलकर
* एम. एम. कलबुर्गी
* गौरी लंकेश
* कच्चे कैदी
* भारतीय राज्यघटनेचा अनुच्छेद २१